अडवणारी ओळ

"क्लास सापडत नाही," एवढंच पालुपद सॉफ्टवेअरनं सकाळपासून लावलं होतं आणि कारखान्यात टाकीत ॲसिड भरायचं काम ठप्प झालं होतं.

"नव्या व्हर्जनमध्ये तो क्लास, म्हणजे कोडचा एक तुकडा, टाकायचा राहिलाय, साहेब. जुन्या सर्व्हरवर शोधायला लावलाय," प्रोग्रामर म्हणाला.

"शोध सावकाश. आधी त्याला बोलावणारी ओळच उडव, म्हणजे कटकट मिटली!"

त्यानं ओळ उडवली. एरर गेली, खाली पंप घरघरू लागला. "शाब्बास रे पठ्ठ्या!" साहेब पाठ थोपटत होते, तेवढ्यात जुन्या सर्व्हरवर तो क्लास सापडला. त्याचं काम एकच होतं: टाकी घासायला उतरलेला माणूस वर येईपर्यंत पंप सुरू होऊ द्यायचा नाही.

"साहेब, आज टाकीत कोण उतरलंय?"

पाठीवरचा हात तिथंच थांबला.