खिडक्यांचा निळा रंग

फ्रान्समधल्या दिजाँ शहरातली ती सरदारी हवेली सरकारी संरक्षणाखाली होती. खिळा ठोकायचा तरी परवानगी लागे. तिथे एकट्याच राहणाऱ्या ओदिलबाई दरवर्षी अर्ज करत, 'खिडक्या निळ्या रंगवू का?' मग वास्तुखात्याचे लाबोर्दसाहेब पाहणीला येत. जिना कुणाच्या हौसेपायी झाला, वरचा मजला कुठल्या सरदारानं चढवला, सगळं कॉफी पीत रंगवून सांगत आणि निघताना म्हणत, "निळा? मादाम, मी आहे तोवर विसरा!"

यंदा आठवड्यातच नव्या साहेबाचं पत्र आलं. 'फोटो पाहिले. निळ्या रंगाला हरकत नाही. प्रत्यक्ष पाहणीची गरज नाही.'

ओदिलबाईंनी पुसून मांडलेला दुसरा कप कपाटात ठेवला. मग नवा अर्ज लिहायला घेतला, 'सतराव्या शतकातला जिना पाडून तिथे लिफ्ट बसवायची आहे.'