कोपऱ्यातला उंट

"राजा उघडा टाकलास, ॲम्ब्रोज," रघुवीरराव म्हणाले. "सर्दी होईल त्याला."

गिरगावातल्या ॲम्ब्रोजच्या व्हरांड्यात दुपारचे चार वाजले होते. दोघा मित्रांच्या मध्ये सावंतवाडीहून आणलेला जुना बुद्धिबळाचा पट होता. तांबड्या सोंगट्या रघुवीररावांच्या, काळ्या ॲम्ब्रोजच्या. शेजारी स्कूटरची किल्ली मुठीत धरून रघुवीररावांचा मुलगा अभय बसला होता.

करार साधा होता. बाबा जिंकले तर किल्ली परत. हरले तर स्कूटर विकायची.

बाबांचं डोकं आता पूर्वीसारखं चालत नाही, असं अभयचं मत. प्रार्थना समाजच्या नाक्यावर सिग्नल लागलेला असताना ते खुशाल पुढे गेले होते. पुतणीच्या साखरपुड्यात एका पायात काळा आणि दुसऱ्यात तपकिरी बूट घालून मिरवले होते. "विचारात होतो," एवढाच दोन्ही वेळा खुलासा.

आत्ता मात्र ते खरोखरच विचारात होते. आधी शह शोधायचे, मग मारामारी, मग धमक्या. म्हणजे समोरच्याला स्वतःचं काही सुचायला फुरसतच मिळत नाही. वजिराचा शह, राजाला पळायला एकच घर. तिथे हत्तीचा शह, तो खाण्यावाचून इलाज नाही. मग कोपऱ्यातला उंट तिरका सरकत येतो आणि खेळ खलास.

उंट तयारच उभा होता. त्याला तिथे आपण केव्हा नेऊन ठेवलं, हे मात्र काही केल्या आठवेना. ही गोष्ट अभयला सांगण्यासारखी नव्हती.

"शह."

ॲम्ब्रोजने राजा हलवला.

"शह."

"हत्ती फुकट देतोस? बरा आहेस ना रे?"

"खा तू. उगाच चौकशा नकोत."

ॲम्ब्रोजने हत्ती खाल्ला. चहा घेऊन आलेली त्याची बायको विल्मा ट्रे हातात धरून तशीच उभी राहिली.

अभय पुढे वाकला. "बाबा, हे सगळं तुम्हाला आधीच दिसलं होतं?"

"आरशासारखं."

रघुवीररावांनी कोपऱ्यातला उंट उचलला, तिरका नेला आणि टक्कन ठेवला. "मात."

ॲम्ब्रोजने एकेका घरावर बोट ठेवून पाहिलं. राजाला खरंच कुठे जागा नव्हती. "हिशेब चोख," तो म्हणाला.

अभयने मुकाट्याने किल्ली वडिलांच्या तळहातावर ठेवली. ॲम्ब्रोजने ती हळूच उचलून पुन्हा अभयच्या खिशात टाकली.

"डोकं झकास चालतंय तुझ्या बापाचं," तो म्हणाला. "पण हा उंट माझा आहे."