रणगाड्यातला बिल्ला

"बनाबाई सिद्धनाथ पुकळे कोण?"

बनाबाई उठली. पदर डोक्यावर होताच, तरी तिनं तो पुन्हा पुढं ओढला. शहरातल्या सात रस्त्याजवळच्या या सैनिकांच्या कचेरीतून चार दिवसांपूर्वी माढ्याकडच्या तिच्या वस्तीवर पत्र आलं होतं. 'पतीबाबत चौकशी आहे, समक्ष यावे.' नऊ वर्षांनी कसली चौकशी?

"बसा," टेबलामागचे सुभेदार म्हणाले. "पासष्टच्या लढाईत सिद्धनाथचा रणगाडा पेटला. आतली माणसं ओळखू येईनात. तो आत होता, की आधीच उडी टाकून निघून गेला, ही शंका कागदावर तशीच राहिली."

"निगून कुटं जातील, सायेब?"

"जातात काही जण." सुभेदारांनी तिच्याकडं निरखून पाहिलं. "कधी पत्र? निरोप?"

"न्हाय."

तिनं बाकाची कड मुठीत आवळली.

"जुने रणगाडे आता लढाईला चालत नाहीत. सरहद्दीवर खड्डे खणून ते गळ्यापर्यंत पुरतात. तोफ तेवढी वर. त्याचाही रणगाडा पुरायला काढला. आतून खरवडला, तेव्हा सीटखाली हे निघालं."

त्यांनी काळवंडलेला पत्र्याचा बिल्ला तिच्यापुढं ठेवला. बनाबाईला अक्षर येत नव्हतं.

"काय लिवलंय?"

"त्याचा नंबर. त्याचं नाव." सुभेदारांचा आवाज मऊ झाला. "गळ्यातला बिल्ला कुणी काढून ठेवत नाही, बाई. तो आतच गेला. शंका मिटली."

"मंजी आता... पुन्ना कुनी इचारायचं न्हाय?"

"नाही. फाईल बंद."

बनाबाईनं हंबरडा फोडला. नऊ वर्षं छातीत दाबून धरलेलं सगळं एकदम बाहेर पडलं. शिपायानं पाणी आणलं. सुभेदारांनी खिडकीकडं तोंड फिरवलं.

वस्तीवर पोचली तेव्हा उन्हं कलली होती. वाटेत भेटलेल्या शेजारच्या चंद्रव्वानं विचारलं, "काय म्हनले गं?"

"गेले म्हनं," एवढंच बोलून ती घरात शिरली. दाराला आतून कडी घातली. मग ती माजघरात गेली, गुडघ्यावर बसली आणि जमिनीत खणलेल्या धान्याच्या पेवावरचं जड झाकण दोन्ही हातांनी बाजूला सारलं.

"या वर, धनी," ती खाली वाकून कुजबुजली. "तुमी मेलासा."