मशीनवरचं झबलं

मशीन न्यायला तुम्ही स्वतःच या, असं विकणाऱ्यानं लिहिलं होतं, आणि माझ्या आईला सांगा की दुरुस्तीला नेते आहे. विकली म्हणून कळलं तर ती जेवण सोडेल.

निरोप वाचता वाचता अनीसाचा चहा निवून गेला. काल संध्याकाळी ऑनलाइन लिलाव जिंकल्यापासून ती एकटीच घरात हसत होती, आणि आता हे. आता अशा माणसाला काय म्हणायचं? आईची मशीन आईला न विचारता लिलावात काढतो, आणि वर खोटं बोलायचं काम दुसऱ्याच्या गळ्यात मारतो.

पण मशीन तिला हवीच होती. काळी, सोनेरी वेलबुट्टीची पायमशीन, अगदी तिच्या अम्मीची होती तशी. अम्मी गेल्यावर भावानं ती भंगारात घातली. बहिणीला विचारायचं त्याच्या मनातसुद्धा आलं नाही. पुढं नवरा गेला, मुलगी कहकशाँ लग्न होऊन हैदराबादला गेली. अमरावतीला राजापेठेतल्या तिच्या दोन खोल्यांत रस्त्यावरच्या गाड्यांचा कलकलाट दिवसभर यायचा, पण घरातला म्हणून एकही आवाज उरला नव्हता. गिऱ्हाइकांचे ब्लाउज ती विजेच्या मशीनवर शिवायची, ती नुसती घूं करते. अनीसाला अम्मीची खटखट पाहिजे होती. बस, एवढंच.

हे सगळं तिनं विकणाऱ्याला, त्या धर्मेंद्रला, लिहूनही टाकलं होतं. लिलाव चालू असताना त्यानं सहज विचारलं होतं, इतकी जुनी मशीन कशाला पाहिजे, ताई? कित्येक दिवसांत तिला कोणी आपणहून काही विचारलं नव्हतं. मग काय, रोज संध्याकाळी ती लिहीत बसायची. अम्मी शिवताना काय गुणगुणायची, ईदच्या आधी कशी जागायची, आणि अर्धं शिवण मशीनवरून कधीच कशी उतरवू द्यायची नाही. उतरवलं तर घरातलं माणूस अर्ध्या वाटेत राहतं, असं अम्मीचं म्हणणं. धर्मेंद्र सगळं वाचायचा आणि पुढचं विचारायचा. भला माणूस आहे, असं तिचं मत झालं होतं. म्हणूनच हा निरोप तिला लागला.

तरी ती गेली. अकोल्याला जठारपेठेच्या कोपऱ्यावर तो घ्यायला आला होता. इस्त्रीचा शर्ट, पण मान खाली. दुकान बसलं, आईच्या औषधाचे वांधे झाले, नाही तर हे पाप केलं नसतं, म्हणाला. गल्लीतूनच त्यानं खिडकीतली मशीन दाखवली आणि आणखी एक गळ घातली. 'वस्तू मिळाली' असं साइटवर इथंच दाबून टाका, आत फोन काढला तर आईला संशय येईल. तसं दाबलं की साइटकडे भरून ठेवलेले पैसे विकणाऱ्याकडे जातात, हे अनीसाला ठाऊक होतं. पण मशीन तर समोर दिसत होती. तिनं दाबलं.

ही माझी आई, माणिकबाई, असं दारातून सांगून धर्मेंद्र बाहेरच थांबला. आत माणिकबाई मशीनला टेकून बसली होती. वाळलेली म्हातारी, धुतलेलं लुगडं. अनीसानं दुरुस्तीचं सांगितलं तेव्हा तिची तिलाच लाज वाटली. माणिकबाईनं काहीच उलट विचारलं नाही. आधी पाणी दिलं, मग चहा. बोटं पाहून शिवतेस का म्हणाली. घरी कोण कोण आहे, तेही विचारलं. कोणी नाही, असं अनीसानं सांगितलं.

शेवटी अनीसा उठली. मशीनच्या सुईखाली एक पिवळं झबलं होतं, एकाच बाहीचं. ते काढायला तिनं हात घातला, तसा म्हातारीनं तिचा हात धरला.

"ते नोको काढू, माय. माही लेक बाळंतपणात गेली, तवापासून तसंच हाय. अर्धं शिवण उतरवलं त पोरगी अर्ध्या वाटेत राहीन."

अनीसानं हात मागं घेतला. अम्मीशिवाय कोणाच्याही तोंडून हे तिनं आजवर ऐकलं नव्हतं.

"दुरुस्तीले नेशीन, त वापस कधी आणशीन?" माणिकबाईनं विचारलं.

मशीनवरून हात फिरवत अनीसा उभी राहिली. तिला ती सोडवत नव्हती. अम्मीची मशीन भावानं अशीच नेली होती, पाठीमागे, न सांगता. आज आपण त्याच्याच जागी उभे आहोत, हे तिला सहन होईना.

"मावशी, मशीन चांगली हाय," ती म्हणाली. "न्यायची काही गरज नाही."

माणिकबाईनं पदर तोंडाला लावला. येत जा माय, मले बोलाले कोणी नाही, एवढंच म्हणाली. मग दोघी रडल्या.

बाहेर धर्मेंद्र पैसे परत करतो म्हणाला, फक्त थोडी मुदत द्या. अनीसानं त्याला पुढं बोलूच दिलं नाही. पैसे राहू द्या, औषध आणा, आईला सांभाळा, असं बजावून ती त्याच्या गाडीवर स्टँडपर्यंत आली. अमरावतीच्या बसमध्ये तिला रडू येत होतं आणि बरंही वाटत होतं. मशीन गेली, पण जायला एक घर झालं. ईदला शीरखुर्मा घेऊन यायचं, हे तिनं बोरगाव मंजूचा थांबा यायच्या आत ठरवून टाकलं.

धर्मेंद्र घरी परतला तेव्हा माणिकबाई चपला घालून दारातच उभी होती. त्यानं दिलेल्या आपल्या वाट्याच्या नोटा तिनं मोजून कमरेला खोचल्या.

"उद्याच्या बाईचं कोण मेलं हाय, भाऊ?" तिनं विचारलं.