न्हाणीची फरशी

केराबाईनं हातातली पाण्याची बाटली उघडली आणि दुकानातल्या कोऱ्या करकरीत टाइलवर सगळी उपडी केली.

"अहो आजी, आजी!" दुकानदार गुरुलिंग काउंटरमागून धावला. "दाखवायची आहे ती!"

"म्हणूनच वतलं. इकत घेतल्यावर वतून काय उपेग?"

तिनं चप्पल काढली आणि ओल्या टाइलवर पाय ठेवला. पाय सर्रकन पुढं गेला. सिद्धरामनं आईचा दंड धरला म्हणून बरं, नाहीतर पुन्हा दिवाळीचीच गत. दिवाळीत घरच्या न्हाणीत ती अशीच आपटली होती आणि हात प्लॅस्टरमध्ये गेला होता. तेव्हापासून ती चकचकीत टाइल सगळ्यांच्या डोळ्यांत सलत होती. आता कुंभारी गावातल्या घरची न्हाणी उकरून ठेवली होती आणि गवंडी उद्या सकाळी यायचा होता.

"आम्हाला इको-फ्रेंडली काहीतरी दाखवा," सोनम म्हणाली. केराबाईची ही सून शाळेत शिकवायची आणि साबण घेतानाही मागचं बारीक अक्षर वाचायची.

गुरुलिंगची कळी खुलली. त्यानं हिरव्या पानाचं चित्र असलेला खोका काढला. आत व्हिनाइलच्या पट्ट्या होत्या. सोनमनं वास घेतला आणि नाक मुरडलं. "हे प्लॅस्टिकच की! पान चिकटवलं म्हणून काय झाडाला लागतंय व्हय?" मग त्यानं बांबूची फरशी काढली. ती बघून केराबाईच हसली. "न्हाणीत बांबू? चार दिसात पुरीवानी फुगंल की रं बाबा."

खरं सांगायचं तर सोनमचं निम्मं लक्ष पर्समधल्या फोनकडं होतं. मूल दत्तक देणाऱ्या संस्थेला आज संध्याकाळपर्यंत हो की नाही ते कळवायचं होतं. तीन महिन्यांची मुलगी होती. फोटोत डोक्यावर काळंभोर जावळ आणि तोंडात अख्खी मूठ. लग्नाला बरीच वर्षं झालेली, दवाखाने पालथे घालून झालेले. फोटो बघून सिद्धराम हमसून रडला होता, आणि डोळे पुसून म्हणाला होता, "पण आईनं व्हय म्हटल्याबिगर न्हाय आणायची. आपण दोघं कामावर गेलो की पोरगी तिच्याच जवळ ऱ्हाणार. तिलाच नकोशी झाली तर लेकराचे हाल." यात चुकीचं काहीच नव्हतं. म्हणून तर सोनमला त्याचा जास्त राग आला.

आणि केराबाई? फोटो समोर धरला तर "दुसऱ्याचं लेकरू हाय," एवढंच बोलली आणि मेंढरांकडं निघून गेली. तेव्हापासून त्या विषयावर तोंडात मिठाची गुळणी. सिद्धरामची विचारायची छाती होत नव्हती. आज मात्र "फरशीला मी बी येते," म्हणत म्हातारी सगळ्यांच्या आधी रिक्षात जाऊन बसली होती.

हिला फरशीची एवढी काळजी, आणि माझ्या पोरीची काहीच नाही! सोनमच्या मनात आलं.

"आजींसाठी भिंतीला धरायचा दांडा बसवा," गुरुलिंग म्हणाला, "आणि खाली प्लॅस्टिकचं स्टूल ठेवा."

"मला कशाला दांडा? मी काय म्हातारी झाले व्हय?"

"न्हाय, न्हाय, कोण म्हणतंय!" सिद्धराम घाईघाईनं म्हणाला.

सोनमची नजर दाराबाहेर गेली. भिंतीला टेकवून करड्या फरश्या उभ्या होत्या, एक दोन आडव्याही पडल्या होत्या. "ती कुठली हो?"

गुरुलिंगचं तोंड उतरलं. "ती साधी शहाबादी आहे, मॅडम. पॉलिश नाही काही नाही. लोक अंगणात घालतात."

"म्हणजे शेजारच्या जिल्ह्यातला नुसता कापलेला दगड. भट्टी नाही, रंग नाही, वास नाही," सोनम म्हणाली. "हीच बघू, आत्या."

केराबाई आधीच बाहेर पोचली होती. येताना तिनं दुकानाच्या माठातून तांब्या भरून आणला होता. आडव्या फरशीवर पाणी ओतून तिनं एक पाय घासला, मग दुसरा. पाय जागचा हलला नाही. तिनं वाकून फरशीवरून हाताची उलटी बाजू फिरवली आणि मान डोलावली. मग भर रस्त्यालगत, त्या ओल्या फरशीवर, ती फतकल मारून खाली बसली.

"आत्या! चक्कर आली का?" सोनम धावली.

"चक्कर कसली? सरका बाजूला."

तिनं लुगडं गुडघ्यापर्यंत वर घेतलं. दोन्ही पाय समोर लांब केले आणि एकमेकांना जुळवले. टाचा रोवून पाहिल्या. पुढं वाकून डावा तळवा नडग्यांवर अलगद उताणा धरला आणि उजव्या हातानं तांब्यातलं उरलेलं पाणी पायांवर हळूहळू सोडलं.

"आई, लुगडं भिजलं की गं सगळं!" सिद्धराम कळवळला.

सोनम त्या जुळवलेल्या पायांकडं बघत राहिली.

केराबाईनं लेकाकडं बघितलंच नाही. ती सुनेला म्हणाली, "हिच्यावर बूड हलत न्हाय. हीच घे. आन मला सांग, ती फोटोतली पोरगी मान धरायला लागली का गं?"