मास्तरांचा कान

“मला ऐकू येत नाही,” मास्तर म्हणाले. इतक्या मोठ्यानं म्हणाले, की दाराशी उभ्या असलेल्या हवालदारानंही वळून पाहिलं.

साहेबांनी पेन खाली ठेवलं. शेजारी बसलेली सूनबाई सासऱ्यांच्या तोंडाकडे बघतच राहिली. “चल, साहेबांना भेटून येऊ,” एवढंच ते घरून निघताना तिला म्हणाले होते.

“कधीपासून?” साहेबांनी विचारलं. माणूस समोर असला की मास्तर त्याचे ओठ बघून बोलणं ओळखायचे, म्हणून हे त्यांना कळलं.

“झाली तीन-चार वर्षं. कुणाला सांगितलं नाही.”

“गाण्याच्या शिकवण्या तर जोरात चालू आहेत तुमच्या.”

मास्तरांना मेल्याहून मेल्यासारखं झालं. मुलांच्या गळ्याच्या शिरा आणि चेहरे बघून ते अंदाजपंचे ‘वा’ म्हणायचे. मुलं खूश, आईबाप त्याहून खूश. “बघून शिकवतो,” ते कसेबसे म्हणाले.

साहेब हसले नाहीत. शाळेत ते मास्तरांच्याच वर्गात होते. पन्नास पोरं एकदम गात असली तरी बेसूर कोण झालं ते मास्तरांना बरोबर कळायचं, आणि बहुतेक वेळा साहेबांचाच कान पिळला जायचा. म्हणून तर काल त्यांनी मास्तरांना बोलावून घेतलं होतं. एका गोदामाच्या मालकाला कुणीतरी फोनवरून धमकी दिली होती आणि पाठोपाठ गोदाम जळालं होतं. आत झोपलेला रखवालदार वाचला नाही. धमकीचं रेकॉर्डिंग होतं, पण खरखरीत, अर्धंमुर्धं. मास्तरांचा मुलगा त्याच गोदामात कामाला होता आणि मालकाशी भांडून बाहेर पडला होता. कॉम्प्युटरनं दोन्ही आवाज ताडून पाहिले आणि ‘बहुतेक तोच’ म्हणून मोकळा झाला. त्या ‘बहुतेक’वर साहेबांचं समाधान होईना.

“तुमच्या कानापुढे मशीन काय, मास्तर!” असं म्हणत त्यांनी मोबाइल पुढे केला होता. बाकी सगळं साहेब फायलीत बघत बोलले होते, म्हणून मास्तरांना एवढंच वाक्य नीट कळलं आणि ते फुलले. मोबाइल कानाला लावून त्यांनी डोळे मिटले, कानात प्राण आणून ऐकतोय असा चेहरा केला. आत नुसती घरघर होती. जुन्या विद्यार्थ्यानं कौतुकानं काहीतरी ऐकवायला घेतलं असेल, असं त्यांना वाटलं. डोळे उघडले तेव्हा टेबलावर मुलाचा फोटो होता आणि साहेब खाली बघत, त्यावर बोट ठेवून काहीतरी विचारत होते. हा तुमचा मुलगा ना, याखेरीज दुसरं काय विचारणार?

“हो, हो! माझाच, शंभर टक्के,” मास्तर म्हणाले होते, आणि साहेबांनी दाखवली तिथे सहीसुद्धा करून आले होते. संध्याकाळी पोलीस मुलाला घेऊन गेले.

“मग तेव्हाच का नाही सांगितलंत?” साहेबांनी विचारलं.

“लाज वाटली. तुमच्यासमोर तर जास्तच.”

साहेबांनी सुस्कारा सोडला. “राग मानू नका मास्तर, पण पोरगा आत गेला की प्रत्येक बापाचं काही ना काही जातं. कुणाचे डोळे जातात, कुणाची आठवण जाते.”

“डॉक्टरांकडे न्या मला. तपासून घ्या.”

“नेऊ ना. पण आज त्याला कोर्टात उभा करायचाय, आणि तुमचा जबाब माझ्याकडे आहे.”

साहेब उठले आणि खिडकीशी जाऊन पाठमोरे उभे राहिले. मास्तर त्यांच्या पाठीकडे बघत बसले. तेवढ्यात हवालदार टेबलावरचे रिकामे कप उचलायला आला आणि मास्तरांकडे बघून त्यानं भुवया उंचावल्या.

“नको नको,” मास्तर सवयीनं म्हणाले, “आत्ताच घेऊन निघालोय.”

साहेब वळले. त्यांना राग आलेला दिसत नव्हता, उलट तेच ओशाळले होते. “चहा घेणार का, असं विचारलं मी. खिडकीकडे तोंड करून, पुटपुटत. लगेच उत्तर दिलंत.”

“अहो, यांनी कप उचलले, म्हणून मी अंदाजानं...”

“या आता, मास्तर.” साहेबांनी टोपी घेतली आणि हवालदाराला घेऊन ते बाहेर पडले.

मास्तरांनी सुनेकडे पाहिलं. “तुला तरी पटतंय ना? दाराची बेल वाजली तरी मी उठत नाही, हे तू रोज बघतेस.”

“मला वाटायचं, तुम्ही ताठ्यानं उठत नाही,” ती म्हणाली. तिचा चेहरा लाल झाला होता.

मास्तरांना तिच्या नजरेला नजर देता येईना. ते आपल्या हातांकडे बघत राहिले. त्या गोदामासारखं आपल्यालाही एकदा जाळून टाकावं कुणीतरी, असं त्यांच्या मनात आलं. ती खुर्चीवरून उठल्याचं त्यांना जाणवलं. रागावली असेल, रागावू दे, म्हणून ते तसेच बसून राहिले.

मग तिनं त्यांचा खांदा धरून गदागदा हलवला. मास्तर वळले. दाराबाहेरचा व्हरांडा मोकळा होता, आणि त्यापलीकडे पोलिसांची गाडी फाटकातून बाहेर पडत होती.

सूनबाई त्यांच्यासमोर आली. त्यांना ओठ दिसावेत म्हणून खाली वाकली, आणि एकेक शब्द सुटा करत म्हणाली, “कोर्टात नेताना दारातून ‘बाबा, बाबा’ अशा हाका मारत होते ते. किती वेळ मारत होते. तुम्ही वळला नाहीत, तेव्हा मान खाली घालून गेले.”