नव्वद टक्के

तिसऱ्या मजल्यावरची बेल तिने दाबली आणि दार उघडेपर्यंत बोट काढलंच नाही.

छोट्या छोट्या वेबसाइट बनवून द्यायचं तिचं काम. कोड लिहायला बाहेरचे प्रोग्रामर, कामापुरते धरलेले. या वेळचा गेले तीन आठवडे एकच पालुपद लावून बसला होता, "नव्वद टक्के झालंय, मॅडम." परवापासून तर फोनही बंद. इकडे ज्यांची वेबसाइट होती त्या जनावरांच्या डॉक्टरांचा दवाखाना सोमवारी उघडणार आणि अपॉइंटमेंटच्या पानाचा पत्ता नाही.

दार एका बाईने उघडलं. "मीटिंग असेल ना? या, या. सकाळपासून मान वर केलेली नाही त्यांनी." आणि आत हाक मारली, "अहो, ऑफिसच्या मॅडम आल्यात!" मग कुणी न सांगताच टीव्हीचा आवाज बंद केला.

आतल्या खोलीत खुर्चीवरून जो उठला तो पन्नाशीचा. प्रोफाइलच्या फोटोत केस काळेभोर होते. क्षणभर तिला वाटलं, वडील असावेत.

"मीच तो," म्हणत त्याने दार लोटून घेतलं.

"काय झालंय ते दाखवा आधी."

स्क्रीनवर एक कॅलेंडर होतं. तिने एक तारीख दाबली, दुसरी दाबली. ढिम्म. स्क्रीनवरच त्यामागच्या विंडोत शिकवणीचा व्हिडिओ थांबवलेला होता : धडा चौथा. टेबलावर वही, शाळकरी पोरासारखी समासाच्या रेघा आखून लिहिलेली.

"अहो, हे तुम्हाला येतच नाही!"

"बावीस वर्षं कोड लिहिलाय मी. हे नवीन आहे. वाटलं, करता करता शिकेन."

"मग येत नाही म्हणून सांगायला काय झालं होतं? त्याच दिवशी दुसरा माणूस बघितला असता मी!"

"म्हणून तर नाही सांगितलं."

तिचा आवाज आणखी चढणार, तोच तो दाराकडे बघत म्हणाला, "जरा हळू, मॅडम. हिला वाटतंय, माझा जम बसलाय."

तिने एकदा दाराकडे बघितलं आणि पर्स उघडली. होतं नव्हतं ते तिने पेनड्राइव्हवर घेतलं. आता सोमवारपर्यंत तिलाच खपावं लागणार होतं. "हे मी करते," एवढंच ती म्हणाली. त्याने मान हलवली आणि वही मिटली.

बाहेर ती बाई वाटच बघत होती.

"झाली मीटिंग? पुढचंही काम यांनाच द्या हं. अगदी जीव ओतून करतात."

ती सँडल घालायला वाकली. पट्टा पहिल्याच झटक्यात लागला. तिने तो सोडला आणि पुन्हा लावायला घेतला.